एकादशीच्या घरी शिवरात्र

आयुष्यात पहिल्यांदा मी खरा उपास केला आणि त्याच दिवशी विठ्ठलासमोर आडवी झाले.

२०२३ ची आषाढी, २९ जून, गुरुवार. बेळगावच्या वडगावात पहाटेपासून बारीक पाऊस. बकरी ईदही नेमकी त्याच दिवशी, त्यामुळे गल्लीच्या एका टोकाला टाळमृदंग आणि दुसऱ्या टोकाला अत्तराचा घमघमाट. सहाला उठले, अंघोळ, पूजा केली आणि सवयीनं डबीतली सकाळची गोळी पाण्याबरोबर घेतली. वर बिनसाखरेचा कोरा चहा. आणि देवळात गेले. अकराच्या सुमाराला माझा टाळ चुकायला लागला. चाळीस वर्षं हातात असलेला टाळ! शेजारी बसलेली जाऊ म्हणाली, "अक्का, घाम किती येऊलाय तुम्हाला, एवढ्या गारठ्यात?" मला तिचा असा राग आला की टाळ तिच्या डोक्यात घालावा. मेंदूला साखर कमी पडली की माणूस आधी चिडतो, मग बरळतो, हे नंतर समजलं. तेव्हा एवढंच वाटत होतं की ही बाई मला भजन करू देईना. मग विठ्ठल एकाचे दोन झाले आणि पुढचं मला नीट आठवत नाही.

कुणी म्हणालं कांदा आणा, कुणी म्हणालं दृष्ट लागली. पुजाऱ्यांनी खडीसाखर तोंडात घातली. मी अर्धवट शुद्धीत होते म्हणून निभावलं. पुरत्या बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, ते श्वासनळीत जातं. गलका ऐकून समोर राहणाऱ्या शेजारणीचा, आमच्या खालांचा (खाला म्हणजे मावशी), मुलगा नव्या कुर्त्यात धावत आला आणि घरात जाऊन आईचं साखर तपासायचं मशीन घेऊन आला. बोट टोचलं. ४८. सत्तरच्या खाली गेलं की साखर कमी झाली म्हणतात, ५४ च्या खाली ती धोक्याची. मी ४८ वर बसून अभंग म्हणत होते.

खाला मागोमाग आल्या. त्यांचा पहिला प्रश्न अजून कानात आहे. "क्या टीचर, गोली खाके भूके बैठे क्या तुम?"

गोळी खाऊन उपाशी. सगळं निदान त्या एका वाक्यात होतं.

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्ही तीस वर्षं एकादशी करता, अकरा वर्षं मधुमेह आहे, मग त्याच दिवशी काय झालं? मलाही हेच कोडं पडलं होतं. उत्तर सोपं आहे, पण पचायला जड. तोवरच्या माझ्या एकादश्या उपासाच्या नव्हत्याच. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वऱ्याचा भात आणि दाण्याची आमटी, चारला राजगिऱ्याचा लाडू, संध्याकाळी रताळ्याच्या गोड फोडी. एकादशी, दुप्पट खाशी. आमच्या तालुक्याच्या पश्चिम भागात, उचगाव-बेकिनकेऱ्याच्या लाल मातीत, रताळी पिकतात. नवरात्र नाहीतर शिवरात्र जवळ आली की मार्केट यार्डात त्यांच्या राशी लागतात. उपास हा आमच्याकडं शेतीचा हंगाम आहे. साबुदाणा मात्र परका, तमिळनाडूतल्या सेलमकडून येतो आणि जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो, शंभर ग्रॅममागं ८५ ते ९० ग्रॅम. एक बशी खिचडी खाल्ली की दोन तासांनी माझी साखर २८० च्या पुढं. डॉक्टरांना ते आवडायचं नाही, मलाही नाही. पण त्या साबुदाण्यामुळंच मी दर एकादशीला उभी राहत होते. सकाळची गोळी साखर खाली ओढायची, खिचडी वर ढकलायची, आणि दोघांच्या रेटारेटीत मी टाळ वाजवायची.

मग पुण्याहून भाच्यानं व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचं, भात-भाकरी-साखर कमी करून जेवण. मी आयुष्यभर मराठी शाळेत गणित शिकवलं, त्यामुळं आकड्यांनी बोलणारा माणूस मला लगेच पटतो. व्हिडिओतला माणूस आकड्यांनी बोलायचा. मार्चपासून भात सोडला. बेळगावात राहून भात सोडणं म्हणजे काय हे बाहेरच्याला कळणार नाही. खानापूरकडच्या तांदळाची पेज शिजताना वास येतो तेव्हा मी मागच्या पडवीत जाऊन बसायची. भाकरीनं साखर वाढत नाही असा आमच्याकडं ठाम समज आहे. साठ ग्रॅम जोंधळ्याच्या पिठाच्या भाकरीत चाळीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, हे कळल्यावर दोनाची एक केली, एकीची अर्धी. कुंद्याकडं तर बघायचंच नाही. तीन महिन्यांत पाच किलो उतरले. उपाशीपोटीची साखर १६० वरून १२०, मग १०५, मग एक दिवस ८२. त्या ८२ चा फोटो काढून मी भाच्याला पाठवला. त्यानं टाळ्या वाजवणारे हात पाठवले. ती टाळ्यांची वेळ नव्हती, डॉक्टरांना फोन करायची होती. गोळी तीच, डोस तोच, आणि ताट निम्मं झालेलं. अंथरुणातून उठताना चक्कर यायची तीही मी वयाच्या खात्यावर टाकली. कर्बोदकं कमी केली की पहिल्या आठवड्यांत अंगातलं मीठ-पाणी लघवीवाटे निघून जातं, रक्तदाब उतरतो, आणि रक्तदाबाची गोळी मात्र जुन्याच आकड्याची असते.

त्यात आषाढी आली. मनात म्हटलं, आता साबुदाणा तर बंदच, तर यंदा खराखुरा उपास करू, ताकावर राहू. ओढणारा हात तसाच राहिला आणि ढकलणारा मी काढून टाकला.

*

डॉक्टरांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. ही कबुली या लेखातली सगळ्यात अवघड आहे.

आमचे डॉक्टर कानडी, मी मराठी, चिठ्ठी इंग्रजी. आमचं छान जमतं. खोलीत गेलं की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "ऊटा आतेन्री?" जेवण झालं का? हा काही तपासणीचा प्रश्न नाही, इकडची विचारपूस आहे. समोरची कानडी आजी, बसचा कंडक्टर, भाजीवाली, सगळी हेच विचारतात आणि आपण जेवलेलो असो-नसो, "आत्री" म्हणायचं असतं. मीही म्हणायची. सहा-सात वर्षांपूर्वी एकदा खरं बोलले होते, आज संकष्टी आहे म्हणून. ते म्हणाले, उपासतापास बंद करा. एवढंच. त्यानंतर मी उपास बंद केला नाही, सांगणं बंद केलं. माझ्या ओळखीच्या दहा बायकांत नऊ जणींची हीच गोष्ट असेल. डॉक्टर नाही म्हणणार हे आपल्याला माहीत, आपण ऐकणार नाही हे त्यांना माहीत, म्हणून दोघंही विषय काढत नाहीत. या गप्प बसण्यात वर्षाच्या चोवीस एकादश्या जातात. त्या वर्षी तर अधिक श्रावण होता, सव्वीस.

यावेळी गेले तेव्हा त्यांनी "ऊटा आतेन्री" म्हटलं आणि मला रडू आलं. मग सगळं सांगितलं. त्यांनी माझी चिठ्ठी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत गेले. मी गणिताची बाई असल्यामुळं त्यांनी गणितासारखंच समजावलं.

माझ्या एका गोळीत तीन औषधं होती. आपण तिला 'शुगरची गोळी' म्हणतो, जणू एकच प्राणी आहे. पहिलं ग्लिमेपिराइड. हे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोड म्हणून सांगतं, पोटात अन्न असो वा नसो. जवळजवळ दिवसभर सांगत राहतं. दुसरं मेटफॉर्मिन, ते मुख्यतः यकृतातून येणारी साखर आवरतं आणि एकटं असेल तर साखर धोक्याइतकी खाली सहसा नेत नाही. तिसरं व्होग्लिबोस, ते आतड्यात साखर-पिष्टाचं विघटन हळू करतं. माझ्या गोष्टीत गुन्हेगार पहिला होता, पण तिसऱ्यानं त्याला साथ दिली. खडीसाखर तोंडात गेल्यावर मला शुद्धीवर यायला अर्धा तास लागला, तो त्यामुळं. साधी साखर आतड्यात फुटून त्यातलं ग्लुकोज सुटं व्हावं लागतं, आणि व्होग्लिबोस नेमकं तेच अडवून बसतं. अशा माणसाला ग्लुकोजची पावडरच द्यावी लागते, ती फोडावी लागत नाही. पंधरा ग्रॅम पाण्यात घालून पाजायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर पुन्हा. चॉकलेटचा उपयोग नाही, त्यातल्या तुपकटपणामुळं साखर उशिरा चढते. आणि साखर वर आली म्हणून झोपून जायचं नाही. काहीतरी खायचं, कारण ग्लिमेपिराइडचा दिवस संपलेला नसतो. मी त्या दिवशी घरी येऊन झोपले होते. तीनला जावेनं हलवून उठवलं तेव्हा ६२ होती.

ग्लिमेपिराइड ज्या घराण्यातलं, त्याचा शोध कसा लागला हे मी नंतर वाचलं आणि दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. १९४२ साली फ्रान्समधल्या मोंपेलिए गावात मार्सेल जांबाँ नावाचे डॉक्टर टायफॉइडच्या रोग्यांना एक नवं सल्फा औषध देत होते. जंतू मारायला दिलेल्या औषधानं रोग्यांची साखरच कोसळू लागली. त्यातून पुढं मधुमेहाच्या गोळ्या निघाल्या. टायफॉइडमध्ये माणूस किती जेवतो हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे या औषधानं आपला गुण पहिल्यांदा दाखवला तो अन्न तुटलेल्या माणसांवर. त्याचा स्वभाव आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असायला हवा होता.

त्याच्याही मागं गेलं तर गंमत आणखी कडू होते. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन सापडायच्या आधी अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन नावाच्या डॉक्टरांचा उपचारच मुळी उपासाचा होता. भात-भाकरी जवळजवळ बंद, अधूनमधून कडकडीत लंघन, रोजचं खाणं तोलून-मापून. एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी त्यावर तीन वर्षं तगली. १९२२ च्या ऑगस्टमध्ये पंधराव्या वाढदिवसाच्या तोंडावर तिला इन्सुलिन मिळालं तेव्हा तिचं वजन जेमतेम वीस किलो होतं. पण ती जगली, आणि भरपूर जगली. औषध नव्हतं तेव्हा उपास हेच औषध होतं. आमच्या पिढीनं दोन्ही एकदम सुरू केलं.

डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड काढून टाकलं. लगेच नाही, आधी अर्धं, रोज चार वेळा बोट टोचून पंधरा दिवस आकडे लिहून न्यायला लावले, मग बंद. मेटफॉर्मिन ठेवलं, जेवणाबरोबर. रक्तदाबाची गोळी निम्मी केली. मी विचारलं, आहार सोडू का? म्हणाले, कशाला? आहार चांगलाच चाललाय. तुम्ही जेवण बदललंत तर मला औषध बदलायला सांगायचं, एवढंच.

भाच्याच्या व्हिडिओत हे वाक्य कुठंच नव्हतं. तिथं एक ब्रिटिश प्रयोग वारंवार यायचा, डायरेक्ट नावाचा, २०१७ मध्ये छापून आलेला: सुरुवातीचे काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरी, आणि वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात. खरा आहे तो प्रयोग. पण त्या लोकांच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद केल्या होत्या, इन्सुलिनवरच्या कुणाला घेतलं नव्हतं आणि सहा वर्षांपेक्षा जुना मधुमेह असलेल्यांनाही नाही. व्हिडिओवाल्यानं टक्का सांगितला, अटी गिळल्या. गणितात याला पायरी गाळणं म्हणतात आणि मी त्याचा अर्धा मार्क कापत असे.

*

खालांचं मात्र वेगळं. त्यांना माझ्याही आधीपासून मधुमेह आहे आणि त्या रमजानचे रोजे ठेवतात. २०२४ चा रमजान मार्चमध्ये होता. त्या जानेवारीच्या शेवटीच माझ्याच डॉक्टरांकडं जाऊन बसल्या. मी सोबत गेले होते. रांगेत आणखी तीन बायका त्याच कामासाठी. डॉक्टरांकडं छापील कागद तयार. वय किती, मूत्रपिंडं कशी, मागच्या वर्षात साखर कधी घसरली का, इन्सुलिन आहे का, यावरून रोजा ठेवणं कितपत धोक्याचं ते ठरवायचं. खालांची सकाळची गोळी त्यांनी इफ्तारला, म्हणजे संध्याकाळी रोजा सोडताना नेली, सहरीची, म्हणजे पहाटेच्या जेवणाची, कमी केली. सहरी शेवटच्या घटकेला करायची, आधी उरकून झोपायचं नाही. दुपारी बोट टोचायचं; त्यानं रोजा तुटत नाही हे खालांनीच मला सांगितलं. सत्तरच्या खाली गेली किंवा तीनशेच्या वर गेली तर रोजा तिथंच सोडायचा. "बीमार को माफ है," खाला म्हणाल्या, "बाद में रखते."

घरी येताना मला लाज वाटली. आणि थोडा हेवाही. जगभरच्या डॉक्टरांनी रोज्यांसाठी बसून नियम लिहिले, कारण त्यांचे रोगी येऊन विचारत होते. आमच्या एकादशीला कोण विचारणार? तिच्यात खिचडी आहे ना! पण निर्जळी एकादशी आहे, चंद्र उगवेपर्यंतची संकष्टी आहे, नवरात्रात नऊ दिवस दोन लवंगांवर राहणाऱ्या आहेत, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर उन्हात अनवाणी जाणाऱ्या आहेत.

व्रत मोडण्याचं म्हणाल तर, आमच्या भजनी मंडळातल्या बुवांना मी भीत भीत विचारलं होतं, त्या दिवशी खडीसाखर पोटात गेली त्याचं काय? ते हसले. पाणी, कंदमुळं, फळं, दूध, औषध अशा आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असा जुना श्लोक आहे म्हणाले. "ग्लुकोज औषध न्हाई तर काय? पर्समध्ये ठेव की." तेव्हापासून पर्समध्ये बुक्क्याच्या पुडीशेजारी ग्लुकोजची पुडी असते.

*

इथवरची गोष्ट साखर कमी होण्याची. ती निदान मशीनवर दिसते. दुसरी गोष्ट माझ्या धाकट्या भावाची, आणि ती मशीनवर दिसली नाही.

तो खानापूरला असतो, वीटभट्टी आहे. माझे पाच किलो उतरलेले बघून त्यानं मनावर घेतलं, आणि तो माझ्यासारखा अर्ध्या भाकरीवर थांबणारा नव्हे. अंडी, मटण, पनीर, तूप. दिवसाला तीस ग्रॅमसुद्धा कर्बोदकं नाहीत. त्याची गोळी माझ्याहून वेगळी होती, डापाग्लिफ्लोझिन. २०२० मध्ये तिचं पेटंट इकडं संपलं आणि ती स्वस्त झाली; आता गावोगाव आहे. ही गोळी मूत्रपिंडांकडून साखर लघवीत सोडायला लावते, दिवसाला साठ-ऐंशी ग्रॅमपर्यंत. तिच्या घराण्याचा मूळपुरुष सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये काढला होता. गोळी चांगली आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडांना तिचा मोठा आधार होतो, त्यामुळं मी तिला नावं ठेवणार नाही. पण तिचं आणि भावाच्या जेवणाचं जमणारं नव्हतं.

८ मार्च २०२४, महाशिवरात्र. आधीच घरात कर्बोदकाचा दाणा नाही, त्यात त्यानं कडक उपास धरला. पाणीसुद्धा नावाला. गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी मळमळ, उलट्या, पोटात दुखणं. गावातल्या दवाखान्यात साखर तपासली, १७४. शुगर तर झकास आहे, पित्त झालंय म्हणाले, इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. रात्री वहिनीचा फोन. "अक्का, हे श्वास कसा घेऊलेत बघा, पळून आल्यासारखा." फोनवर तो श्वास मला ऐकू येत होता, खोल आणि भराभर. साखर पुन्हा बघितली म्हणाली, १६८.

मला त्यातलं काही कळलं नव्हतं, एवढंच कळलं की आकडा बरोबर आहे आणि माणूस बरोबर नाही. गाडी करून पंचवीस-सव्वीस किलोमीटर आणलं. इथल्या मोठ्या हॉस्पिटलात रात्रपाळीला एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं दोनच प्रश्न विचारले: लघवीतून साखर काढणारी गोळी घेतात का? आणि जेवण किती दिवस नाही? उत्तर ऐकून लगेच रक्तातले कीटोन आणि रक्ताचा आम्लपणा तपासायला पाठवला.

शरीराला भात-भाकरी मिळाली नाही की ते चरबी जाळतं, त्यातून कीटोन तयार होतात. निरोगी माणसाच्या उपासात इन्सुलिन त्यांना आवरून धरतं. मधुमेह्याकडं इन्सुलिन आधीच तोकडं, खाणं नाही म्हणून आणखी कमी, वर गोळी साखर बाहेर टाकतेय. मग कीटोन वाढत जातात आणि रक्त आंबतं. एरवी असं होतं तेव्हा साखर चारशे-पाचशे असते, डॉक्टर लगेच ओळखतात. इथं साखर लघवीतून गळून जाते, म्हणून मशीन शहाण्यासारखं १६८ दाखवत राहतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मे २०१५ मध्येच हा इशारा दिलेला आहे, आणि ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी ही गोळी निदान तीन दिवस बंद ठेवायला सांगतात ते याचसाठी. सकाळची एक गोळी चुकवून भागत नाही, तिचा अंमल रेंगाळतो.

भावाला सलाइन, इन्सुलिन आणि त्याबरोबरच ग्लुकोजची बाटली लावली. वहिनी भडकली. "शुगरच्या माणसाला ग्लुकोज चढवूलेत!" डॉक्टरीण तिला शांतपणे म्हणाली, याला साखर हवीय म्हणून देत नाही, इन्सुलिन देता यावं म्हणून देतोय. तिसऱ्या दिवशी तो आयसीयूतून बाहेर आला आणि पहिलं काय मागितलं? पेज. वहिनीनं मीठ घालून आणली. तो ती पेज पिताना मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण या आहाराची ओळख त्याला मीच करून दिली होती.

'एकादशीच्या घरी शिवरात्र' ही म्हण आपण शाळेत दारिद्र्याच्या अर्थानं शिकवतो: आधीच घरात उपास, त्यात उपाशी पाहुणा. माझ्या मते तिच्यात आणखी एक जण असतो. यजमान उपाशी, पाहुणा उपाशी आणि दाराआड उभी असलेली गोळी. तिला कुणी सांगितलेलंच नसतं की आज चूल पेटणार नाही.

भावानं ती गोळी सोडली आणि भाकरी धरली. साखर ठीक आहे. लो-कार्ब हा शब्द त्याच्यासमोर काढायचा नाही.

*

मी अजून अर्ध्या भाकरीवर आहे आणि एकादशीही करते. जावेचं म्हणणं, एवढं होऊन कशाला? मला तिला नीट उत्तर देता येत नाही. आईनं केली, सासूनं केली, आणि ते एक वर्ष सोडलं तर एकादशीनं माझं काही वाईट केलेलं नाही. आता एकादशीला दही, दाण्याचा कूट घालून काकडी, मूठभर भाजलेल्या शेंगा, ताक, ओलं खोबरं, आणि चार वाजता अर्धं उकडलेलं रताळं, सालीसकट. पाणी भरपूर. निर्जळी नाही, कधीच नाही. ताप, जुलाब, उलटी असेल तर त्या दिवशी उपास नाही आणि मेटफॉर्मिनबद्दलही आधी डॉक्टरांना फोन. सकाळी, अकराला, चारला आणि झोपताना बोट टोचते. अकराचं मी भजनातच टोचते; पहिल्यांदा लोक बघायचे, आता मंडळातल्या दोघी माझ्याकडूनच टोचून घेतात. त्यातल्या एकीची साखर मागच्या महिन्यात ७४ निघाली. रक्तदाबासाठी तिला जी गोळी आहे ती हृदयाची धडधड दाबते, त्यामुळं साखर घसरली तरी तिला छातीत धडधडत नाही, हात कापत नाहीत. फक्त घाम येतो. तिला वाटायचं वयाचा घाम आहे. तिला ताक प्यायला लावलं, गूळ-दाणे दिले आणि दुसऱ्या दिवशी हाताला धरून डॉक्टरांकडं नेलं.

शाळेतल्या एक सहकारी बाई मात्र माझं ऐकून उपास करू का विचारत होत्या, त्यांना मी साफ नाही म्हटलं. त्या दोन वेळा मिश्र इन्सुलिन घेतात. त्या इन्सुलिनला ठरल्या वेळी जेवण लागतंच, ते एकादशी बघत नाही. आणि त्यांच्या नातवाला लहानपणापासूनचा, पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. त्याचं तर दिवसभर पुरणारं इन्सुलिन जेवण नसलं तरी बंद करून चालत नाही. एकाच्या ताटातला नियम दुसऱ्याच्या ताटात नेता येत नाही, हे मी भावाच्या खर्चानं शिकले आहे.

परवा डॉक्टरांकडं गेले होते. "ऊटा आतेन्री?" मी म्हटलं, "इल्ला." नाही झालं. आता खरं सांगते. त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली आणि एकादशीच्या दिवशी कुठली गोळी घ्यायची नाही तेही खाली लिहिलं, त्यांच्या त्या डॉक्टरी इंग्रजी अक्षरात, एक गोल काढून. ती घेऊन औषधाच्या दुकानात गेले. पोरगा नवीन होता. सगळ्या गोळ्या काढल्या, चिठ्ठी उजेडात धरली, कपाटात शोधलं, आत जाऊन मालकाला विचारून आला.

"बाई, सगळं दिलंय. तेवढी एकादशी तेवढी आमच्याकडं स्टॉकला न्हाई. शनिवारी येईल."

मी म्हटलं, "शनिवारी नाही रे, गुरुवारी आहे."